वांद्र्याहून आलेली बाई

सूरज जाऊन चार महिने झाले, तरी साळुबाईचा वांद्र्यावरचा राग उतरला नव्हता.

पोरगा मुंबईत नोकरीला लागला तेव्हा मामाच्या शेजारी खोली बघ, असं तिने परोपरीने सांगितलं होतं. त्याने वांद्र्याच्या जुन्या गावठाणात, लाकडी जिन्याच्या एका घरात वरची खोली घेतली. शंभर वर्षांपूर्वीची घरं, त्यांना खेटून महागडी हॉटेलं, आणि दिवसभर गल्लीत फोटो काढत फिरणारी पोरंपोरी. फोनवर तो तिला सगळं दाखवायचा. "आई, अशी जागा पुन्हा मिळायची न्हाई बघ." पुढे पुढे सणालाही तो गावी, पिंपरी पेंढारला, येईनासा झाला. साळुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "त्या गल्लीनं माझं पोर गिळलं." मग एका सकाळी बत्तीस वर्षांचा सूरज त्याच गल्लीत हृदय बंद पडून गेला. तेव्हापासून तिने ते वाक्य तोंडातून काढलं नव्हतं.

म्हणूनच फ्रॉक घातलेली एक म्हातारी मुंबईच्या टॅक्सीतून अंगणात उतरली, तेव्हा साळुबाई ओट्यावरून उठली नाही.

"मी रेजिना. सूरज माज्याच घरात वर ऱ्हायचा," म्हातारी म्हणाली. "वाईच पानी देशील गो?"

ही बाई इंग्रजी फाडेल, असं साळुबाईला वाटलं होतं. तिने तांब्या पुढे केला. "तुमी मराठी बोलता?"

"आमी तिथलेच, बाय. मुंबई मोठी व्हायच्या आधीपासून."

तिचा नवरा भिमाजी कांदा घेऊन ओतूरच्या बाजाराला गेला होता. घरात दोघीच. रेजिना सूरजबद्दल बोलत राहिली. तिचे गुडघे धरायचे म्हणून बाजारहाट तोच करायचा. मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसापुढे प्रार्थना असायची, तेव्हा दिव्यांच्या माळा तोच चढून बांधायचा. दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना सांगायचा, "हितं माणसं ऱ्हात्यात राव, जरा बाजूला."

"हितं त्यानं कवा भाजीची पिशवी उचलली न्हाई," साळुबाई म्हणाली. म्हणताना तिचा आवाज कडवट झाला. परक्या बाईला आपला लेक आपल्यापेक्षा जास्त मिळाला होता.

मग तिनेच विचारलं, "त्या दिशी काय झालं? मला कुनी धड सांगितलंच न्हाई. एकटाच व्हता का?"

"एकटा नव्हता. जिन्यावर बसला, म्हनला, आंटी, बरं वाटत नाय. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. समोरच्या हॉटेलातली पोरं गाडी आनायला धावली." रेजिनाने फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले. "डोळे मिटले व्हते. आई, म्हनून हाक मारली त्यानं. दोनदा."

"मग?"

"मी ओ दिली, बाय. म्हनलं, हाय रे बाबा, हितंच हाय. त्याला वाटलं तूच हायस. मला माफ कर."

साळुबाईला हुंदका आला नाही. तिला आधी त्या बाईचा भयंकर मत्सर वाटला, इतका की तिला घरातून हाकलावं असं मनात आलं. मग हळूहळू ध्यानात आलं, की तिच्या पोराची हाक रिकामी गेली नव्हती. तिने रेजिनाचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला आणि मग तिला रडू आवरेना.

साळुबाईने रेजिनाला जेवू घातलं. उन्हं कलल्यावर टॅक्सी गेली. थोड्या वेळाने भिमाजी आला. चुलीपाशी उष्टं ताट दिसलं तसं त्याने विचारलं, "कोन पावणं आलं व्हतं?"

"सूरजची घरमालकीण."

"काय म्हनली?"

भिमाजीला रात्री झोप लागत नसे, जेवणही तुटलं होतं. साळुबाईने त्याच्याकडे बघितलं आणि पोराची ती हाक स्वतःजवळच ठेवली.

"म्हनली, लई सुखात व्हता तिथं," तिने सांगितलं, आणि ताट उचलून मोरीत नेलं.