नवमीनंतरचा मऊ फटका

मी चिकलठाण्याच्या एका प्रयोगशाळेतला पोलादी दांडा बोलतोय. दमलोय, म्हणून हळूच बोलतो.

माझं काम मार खाण्याचं. मागून हवेच्या जोरावर एक आखूड दांडा सुटतो आणि माझ्या तोंडावर आदळतो. तो धक्का माझ्या अंगातून पुढं जातो. तिथं माझ्या आणि जोडीदार दांड्याच्या मध्ये धातूचा बटणाएवढा तुकडा धरलेला असतो. पापणी लवायच्या आत तो चपटा होतो, नाहीतर फुटतो. अपघातात गाडीचा भाग कसा वागेल, हे माणसांना त्यावरून कळतं. टिकला की तुकड्याचं कौतुक. माझी विचारपूस कुणी करत नाही. असो.

खंडेनवमीला तेवढी सुट्टी. यंदा आमचे शिपाई मुंजाबा यांनी मला पुसलं, झेंडू वाहिला. "लई मार खातंय बिचारं हितं," असं म्हणत त्यांनी फटका बसतो त्याच तोंडावर हळद-कुंकवाचा जाड लेप थापला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? दसऱ्यानंतर तो तसाच वाळून राहिला.

मग कारभारी आले, मुंजाबांचे सख्खे साडू. त्यांच्या छोट्या कारखान्याला टेम्पोच्या चाकाचा भाग घडवण्याचं मोठं काम मिळणार होतं, पण पोलाद इथं टिकलं तरच. चाचणी घेणाऱ्या द्वारका मॅडमनी त्यांच्या पोलादाचा तुकडा लावून कळ दाबली. फटका मऊ बसला, मला लगेच कळलं. पण आम्हाला बोलता कुठं येतं? तुकडा शाबूत राहिला. कारभाऱ्यांनी शहागंजातून पेढे आणले.

पेढा खाऊन मुंजाबा मला पुसायला आले आणि थबकले.

"मॅडम, तोंडावर माझी हळद राहिली व्हती. मार पुरता बसलाच नाय."

"साडूभाऊ, गप बसा की! कारखाना बुडंल माझा."

मुंजाबांनी मान खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही. मॅडमनी मला लख्ख पुसलं आणि दुसरा तुकडा लावला. या वेळी फटका खणखणीत बसला. तुकड्याचे दोन झाले.

मला फार वाईट वाटलं. कारभारी ते तुकडे तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

"ह्या टेम्पोत आपलीच लेकरं बसली असती," ते म्हणाले. "दुसरं पोलाद घेऊन येतो, मॅडम."

माणसांनो, मी खरंच थकलोय. तरी दया येऊन माझा फटका मऊ करू नका. इथं वाचलेला मार रस्त्यावर कुणाला तरी खावा लागेल.