छातीवरचा हात

मी एक जुना चार्जर आहे, मित्रांनो. मोबाईलचा नव्हे, माणसाचा. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, याची शंकाच वाटते. तरी सांगून पाहतो.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यातून मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या सिद्रामप्पांकडे आलो. चादरींच्या मागावर तुटलेले धागे जोडणारे त्यांचे हात कंपवाताने थरथरू लागले होते. डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत बारीक तारा घातल्या आणि तारांना वीज पुरवणारं यंत्र छातीच्या कातडीखाली बसवलं. याला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. आजार जात नाही, पण थरथर आवरते. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, काशम्मांना, सुईत दोरा ओवून दिला. ती सुई काशम्मांनी कितीतरी दिवस कुणाला वापरू दिली नाही.

दर शुक्रवारी जेवणानंतर काशम्मा मला पट्ट्याने त्यांच्या छातीवर बांधायच्या, आणि मी कातडीवरूनच आतल्या यंत्राची बॅटरी भरायचो.

"गप बसा की वो! चार्ज व्हायलाय, अन् तोंड सुरूच!"

"तोंडाला बी चार्जिंग लागतंय की," सिद्रामप्पा पुटपुटायचे. आजाराने त्यांचा आवाज बारीक होत चालला होता.

मग काशम्मा अचानक गेल्या. मुलगा प्रभु आणि सून काव्या पुण्याहून राहायला आले. आईच्या वस्तू बघवेनात म्हणून प्रभुने त्या पत्र्याच्या पेटीत भरल्या. आईच्या पिशवीत मीही होतो. छातीतलं यंत्र आपोआप चालतं, असंच त्या दोघांना वाटत होतं.

यंत्र रिकामं झालं, तसा सिद्रामप्पांचा उरलासुरला आवाजही गेला. पेटीतून मला ऐकू यायचं.

"हात लई थरथरायलेत," काव्या म्हणायची. "धसका घेतलाय अण्णांनी."

"अण्णा, सारखं छातीवर हात नका ठेवू की," प्रभु म्हणायचा. "आमाला बी आईची आठवण येती."

मित्रांनो, ते आठवण सांगत नव्हते. ते मला मागत होते.

काशम्मांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा साडी काढायला काव्याने पेटी उघडली. मला पाहताच सिद्रामप्पा रडू लागले. प्रभुने घाईघाईने मला विजेला लावलं, मग छातीवर बांधलं. मी आतल्या यंत्राला पुन्हा पुन्हा हाक दिली. उत्तर आलं नाही. फार दिवस रिकामं राहून ते निकामी झालं आहे, असं डॉक्टर म्हणाले. नवं बसवायचं तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि ती सोसण्याइतकं अण्णांचं शरीर उरलेलं नाही.

मित्रांनो, आजारी माणसाचं सगळं एकट्याच्याच हाती सोडू नका. घरातल्या प्रत्येकाने ते शिकून घ्या. आणि त्याने छातीवर हात ठेवला, तर कशासाठी, ते विचारा.

आजही शुक्रवारी जेवणानंतर सिद्रामप्पा मला मांडीवर घेऊन बसतात. माझा हिरवा दिवा लागतो. मी पूर्ण भरलेला आहे.