काचेच्या अलीकडे

बॅटच्या टोकाला गुंडाळलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीची कड दोनेक मिलिमीटर सुटली होती आणि त्या सुटलेल्या कडेला मैदानातली तांबडी माती चिकटून तिची एक बारीक रेघ झाली होती. अहल्याने ती कड नखाने दाबली. ती पुन्हा उठली. पट्टी तिनेच काल लावली होती – मोबाइलच्या संथ चित्रणात बॅटचं टोक नेमकं कुठे आहे ते दिसावं म्हणून. प्रयोगशाळेत फिरत्या पात्यांच्या टोकांना ती अशीच खूण करते, इतकी वर्षं करत आली आहे की घरात फिरणाऱ्या पंख्याकडे पाहतानाही तिचे डोळे आधी टोक शोधतात.

"अक्का, बॅट दे की."

सुप्रीता तिच्या धाकट्या भावाची, सुमंतची मुलगी. नात्याने अहल्या तिची आत्या, पण बाप अक्का म्हणतो म्हणून तीही अक्काच म्हणते, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून अक्का ऐकलं की आपलं निम्मं वय कुणीतरी परत घेऊन गेल्यासारखं अहल्याला वाटतं.

शनिवारची सकाळ, येलहंक्यातल्या शाळेचं मैदान, सॉफ्टबॉलचा सराव. देवाप्पा सरांनी हात खालून फिरवून चेंडू टाकला. सुप्रीताने पाय टाकला, कंबर वळली – चांगली वळली, कंबर आधी आणि हात मागून, जसं व्हायला हवं तसंच – बॅट चेंडूला मधोमध लागली, आणि तरीही चेंडू दोन टप्पे खाऊन निमूटपणे देवाप्पांच्या पायाशी जाऊन थांबला.

"ही चेंडूला मारत नाही मेडम, नमस्कार करते," देवाप्पा म्हणाले. मग सुप्रीताकडे वळून, "फॉलो-थ्रू इल्ला, नाहीच! बॅट लागल्यावर पुढे खांद्याच्या पलीकडे जायला नको?"

अहल्याला राहवलं नाही. "पण सर, चेंडू बॅटला चिकटलेला असतो एखादा मिलिसेकंद. तो सुटल्यावर बॅट कुठे गेली, याचं चेंडूला काय?"

"चेंडूला काही नाही मेडम. मला आहे. उद्या झोनची निवड आहे. हिला मी बंटलाच घेणार. बॅट आडवी धरायची, चेंडू नुसता अडवायचा आणि पळत सुटायचं. पाय चांगले आहेत पोरीचे. तेवढं साकु, पुरे."

"सरी, सर," सुप्रीता म्हणाली, इतक्या पटकन की अहल्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या 'सरी'मधला, त्या कानडी 'बरं'मधला गुळगुळीत, कुणाशीच न भांडणारा सूर तिच्या ओळखीचा होता. हा आवाज मी रोज ऐकते... माझ्याच घरात, माझ्याच तोंडून. शब्द तेवढा वेगळा असतो. रत्नाकर दोन वर्षं विचारतोय आणि दोन वर्षं मी म्हणतेय, बघू.

आज पाच वाजता सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघायला येणार होता. पुण्याचा फ्लॅट तयार होता. तिचा नवरा रत्नाकर गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाला. तिच्या नोकरीची चार वर्षं अजून शिल्लक होती, ती सोडायची आणि परत जायचं. चार वर्षांनी काय बिघडतं, असं तो म्हणे, आणि आता परत जाऊ या... परत. हा शब्द तो इतक्या सहजपणे वापरायचा की ती स्वतःच कधी कधी विसरायची, परत जाणार तो आहे. तो पुण्याहून नोकरीसाठी इथे आला होता. ती कुठूनच आली नव्हती. तिच्या माहेरच्या मराठी घराला या कानडी शहरात किती पिढ्या झाल्या ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. तिचं पुणं म्हणजे सणासुदीचं – दिवाळी, गणपती, नणंदेच्या मुलांच्या मुंजी – आणि तिथल्या पंगतीत लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, आमटी वाढणाऱ्या नणंदेला, नीलाला तिने "स्वल्पच वाढ" म्हटलं तेव्हा नीला पळी तशीच धरून म्हणाली होती, "वहिनी, थोडं म्हण ना गं! स्वल्प काय? जेवायला बसलोय की यज्ञाला?" सगळे हसले. रत्नाकरही हसला, प्रेमानेच हसला. नीलाही काही वाईट नव्हती, रात्री तिनेच केसांना तेल लावून दिलं होतं. पण तेव्हापासून पुण्यात बोलण्याआधी अहल्या प्रत्येक वाक्य आत एकदा तपासून घेते, यातला कुठला शब्द इथला नाही, आणि तपासून ते ओठांशी येईपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असतं. नीला म्हणते, वहिनी किती शांत आहे.

दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसली. पलीकडे रत्नाकर पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होता. मध्येच उठून त्याने तिच्याजवळ ताकाचा पेला ठेवला. "कढीलिंब चुरडून घातलाय. तुला लागतो तसा." ताक खरोखरच तिला लागतं तसं होतं. या माणसाशी भांडायचं म्हटलं तर धरायला कड मिळत नाही...

बोटाने ती चित्रण एकेक चौकट पुढे सरकवू लागली. पांढरी पट्टी आधी जवळजवळ, मग लांब लांब ठिपक्यांनी पुढे जात होती. चौकटीगणिक अंतर वाढत होतं, म्हणजे वेग वाढत होता, छान, अगदी छान – आणि मग चेंडूच्या दोन चौकटी आधी अंतर कमी झालं. पुढच्या चौकटीत आणखी कमी. तिने मागे जाऊन पुन्हा पाहिलं. दुसरा फटका पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच. चेंडूशी पोचेपर्यंत बॅटचा वेग उतरणीला लागलेला होता.

म्हणजे देवाप्पा बरोबर होते. आणि तिचंही चुकलं नव्हतं. चेंडू सुटल्यानंतर बॅटचं काय होतं याची चेंडूला खरंच गरज नसते. पण नंतर ज्याला थांबायचंय तो थांबायला आधीच सुरुवात करतो. धावतं वजन जागच्या जागी थांबत नाही, त्याला अंतर लागतं, आणि ते अंतर या मुलीचं शरीर चेंडूच्या अलीकडून उसनं घेत होतं.

पण का? तिने चित्र मोठं केलं. डोळे उघडे होते, चेंडूवर होते, भीती नव्हती. मनगटं मोकळी. मैदानावर पुढे कुणी नव्हतं, भिंत नव्हती, काही नव्हतं.

"अगं, तो माणूस येईल तेव्हा तुझं लोखंडी कपाट न्यायचं की नाही ते सांगावं लागेल हं," रत्नाकर सुतळीची गाठ दाताने ओढत म्हणाला.

"बघू," ती म्हणाली. मोबाइलवरून नजर न उचलता, आपण बोलतोय हे कळायच्याही आधी.

चारनंतर सुप्रीता नेहमीसारखी गच्चीवर आली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बॅट फिरवायला जागा नाही, म्हणून दोन वर्षं ती इथेच येते. जुन्या पंख्याच्या स्टँडमध्ये वॉशिंग मशीनचा पाइप उभा खोचून अहल्याने तिला चेंडू ठेवायला खांब करून दिला होता. चेंडू म्हणजे मोज्यांची घट्ट गुंडाळी, आणि समोर कपड्यांच्या तारेवर टाकलेली जुनी सोलापुरी चादर. एका बाजूला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला सोलरची काच, तिरपी, दुपारच्या उन्हाने अजून गरम.

सुप्रीताने बॅट उचलली. वर पावलं वाजताच खालून रत्नाकरचा आवाज आला – मऊ, हसरा, रोज संध्याकाळी येतो तसा –

"सुप्रीता, काच सांभाळ हं बाळा!"

"हो काका!"

आणि बॅट फिरली, मोज्यांना लागली, आणि काचेच्या अलीकडे, डाव्या खांद्याशी, कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबली.

अहल्याने स्टँड उचलून फिरवला, काच मुलीच्या पाठीमागे दूर जाईल असा. "आता मार." सुप्रीताने मारलं. बॅट पुन्हा तिथेच थांबली.

"आता पुढे काच नाही. मग थांबलीस का?"

"थांबले?" सुप्रीता गोंधळून म्हणाली. "कुठे थांबले? पूर्ण मारलं की मी, अक्का!"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ते माहीत नव्हतं... आणि मला? मला वाटत होतं मी विचार करतेय. बघू म्हणजे विचार चालू आहे, निर्णय पुढे कधीतरी, पाच वाजता, सहा महिन्यांनी. पण मार्चमध्ये कंपनांची नवी चाचणी-यंत्रणा – मी जिच्यासाठी तीन संचालकांशी भांडले, जिची जागा मी स्वतः फरशीवर खडूने आखली होती – ती कोण सांभाळणार असं बैठकीत विचारलं तेव्हा, कुणी माझ्याकडे पाहायच्या आधीच, मी रविकिरणचं नाव सुचवलं. मी म्हणाले, तो तरुण आहे. तो पुढे बरीच वर्षं असेल म्हणाले. घरी येऊन मी दारातल्या कर्दळी शेजारणीला देऊन टाकल्या. दरवर्षी घालायचं ते लिंबाचं लोणचं यंदा घातलं नाही. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. चौकटीमागे चौकट ठेवून पाहिली तर अंतर कमी होतच आलं होतं, आणि मी शपथेवर सांगितलं असतं, थांबले? कुठे थांबले?

तिला राग आला. तो रत्नाकरचा नव्हता, नीलाचा नव्हता. त्यांनी कधी साधा आवाजही चढवला नव्हता. तो इतका स्वच्छ राग होता की तिला तो बराच वेळ नुसता पाहत बसावंसं वाटलं, सूक्ष्मदर्शकाखाली एखादी गोष्ट अचानक रेखीव होते तसा.

तिने स्टँड पुन्हा उचलला. जुन्या जागी नेला, आणि मग तिथून आणखी वीतभर पुढे, काचेकडे.

"अक्का, फुटेल!"

"फुटू दे."

"काका ओरडतील."

"काका ओरडत नाहीत. काका नुसतं सांगतात." ती काचेच्या चौकटीवर हात ठेवून उभी राहिली, धातू चटका देण्याइतका गरम होता, तिने हात काढला नाही. "काच माझी आहे. ही बसवली तेव्हा शिडी मी धरली होती. उद्या तुला बंट करायचाय?"

"सर म्हणतात की –"

"सरांचं नाही विचारलं. तुझं."

सुप्रीता बॅटच्या टोकाकडे, त्या उठलेल्या पट्टीकडे बघत राहिली. मग अगदी हळू, जणू काही चोरीचं सांगावं तसं म्हणाली, "मला मारायचंय."

"मग मार."

पहिला फटका थांबला. दुसरा थांबला, पण या वेळी तिला ते कळलं. तिचा चेहरा बदलला. "अय्यो," ती म्हणाली, "थांबले गं." ती स्वतःशीच हसली, तळवे पँटला पुसले आणि मोज्यांची गुंडाळी आणून पाइपवर ठेवली. अहल्या हात काढून टाकीच्या बाजूला गेली. मोबाइल तिने कुर्त्याच्या खिशात टाकला. मोजायचं नव्हतं.

खाली घंटी वाजली. दार, एक अनोळखी आवाज, हिंदीतलं काही, मग जिन्यावर पावलं – रत्नाकरची ओळखीची, आणि मागे बुटांची.

"अहल्या, हे आलेत बरं का," तो चढता चढता म्हणत होता. "खालचं सगळं दाखवलं. तेवढं कपाटाचं काय ते सांग, म्हणजे –" तो जिन्याच्या दारात आला आणि त्याला स्टँड दिसला, काच दिसली, दोन्हींमधलं अंतर दिसलं. त्याचा हात वर गेला. "अगं, काच –"

सुप्रीताचा पाय पडला होता. कंबर वळली होती. आणि अहल्याला ते दिसलं, कुठल्याही चित्रणाशिवाय दिसलं – मुलीच्या डाव्या खांद्यात सुरू होणारं ते थांबणं, चेंडूच्या अलीकडे, त्या एका हाकेच्या अलीकडे.

"थांबू नकोस!"

बॅट गेली. काचेपासून चार बोटांवरून, हवा कापत, पुढे, खांद्याच्या पलीकडे, पाठीपर्यंत. मोजे चादरीवर असे आदळले की तारेवरचा एक चिमटा तुटून टाकीवर टणकन पडला. सुप्रीता स्वतःभोवती अर्धी गिरकी घेऊन थांबली, तोंड उघडं, बॅट पाठीवर. बुटांचा माणूस दारातच उभा होता. रत्नाकरचा हात अजून वरच होता. त्यात राग नव्हता, नुसती काळजी होती, त्याची ती चांगली, पातळ, घरभर पसरणारी काळजी, आणि अहल्याला त्याच्याविषयी माया वाटली. ती वाटली तरी आतून जे वर येत होतं ते थांबलं नाही. वाक्य येत होतं. नेहमीसारखं ते तपासायला तिचं मन पुढे झालं – यातला कुठला शब्द तिकडचा, कुठला इकडचा – आणि तिने ते जाऊ दिलं.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना सांगा, सामान स्वल्पच आहे. तुमचं तेवढं. मी पुण्याला येणार नाही."