एक सामाईक मित्र

वेरना लाहतीच्या फोनवरच्या मित्रयादीत एकच माणूस होतं, आणि तेही तिच्याच पोटचं. चार वर्षांपूर्वी थंडर बेच्या घरी सुटीला आलेल्या मिकाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिला खातं उघडून दिलं, तेव्हा मैत्रीची विनंती तुला कोण पाठवू शकेल, या प्रश्नाखाली दोन पर्याय आले होते, 'सर्व' आणि 'मित्रांचे मित्र'. वेरनाने क्षणाचाही विचार न करता दुसऱ्यावर बोट ठेवलं. ती मुळातच दार उघडण्याआधी पडदा सारून बघणारी बाई. सख्ख्या भावजयीशी नीट बोलायला तिने अकरा वर्षं घेतली होती.

"म्हणजे भलतंसलतं कुणी यायचं नाही ना?" तिने विचारलं होतं.

"नाही गं आई. तुझ्या यादीत मी एकटा. मी ज्याला घेईन तोच तुझ्या दाराशी येऊ शकेल," मिका हसत म्हणाला होता. "आता तरी झोप लागेल ना?"

त्यानंतर तिने दुसऱ्या कुणाला यादीत घेतलं नाही. वावा गावच्या जंगलखात्यात नोकरीला असलेला मिका महिन्यातून एखादा फोटो टाकायचा, ती त्यावर लाल बदाम ठेवायची, आणि तेवढ्यावर तिचं भागायचं. त्याची मित्रांची यादी त्याने झाकून ठेवली होती. आकडा मात्र दिसायचा. नऊ. मिका लहानपणापासून एकलकोंडाच होता, आणि तो आपल्यावर गेला याचं तिला मनातून कौतुकही होतं.

मिका जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. फेब्रुवारीत वावाहून निघालेल्या त्याच्या गाडीला भर दुपारी घोड्याएवढं मूस हरीण आडवं आलं. शेजारच्या सीटवर त्याची मैत्रीण टेस होती. टेस त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, घटस्फोटित. आदल्या ख्रिसमसला तिला घरी आणू का, असं मिकाने फोनवर विचारलं, तेव्हा वेरना म्हणाली होती, "सणाला घरचीच माणसं बरी." मग मिकाही आला नाही. वर्तमानपत्रात मृत्यूची सूचना वेरनाने स्वतः लिहिली, तिच्यात टेसचं नाव नव्हतं. टेसला वावात पुरलं त्या सकाळी वेरनाचा नवरा आर्वो काळा कोट घालून तयार झाला होता. रस्ता खराब आहे, एवढंच वेरना बोलली. त्याने कोट परत कपाटात लावला, आणि त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळच्या कॉफीच्या वेळी तिला पहिली विनंती आली. ऑर्विल, कोपऱ्यावरच्या बेकरीतला, गुलाबी साखरेचे गोल पाव विकणारा. फोटोतही पिठाचे हात आणि तोच ॲप्रन. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'एक सामाईक मित्र : मिका लाहती'. वेरनाला बरं वाटलं, आणि मग हातातला कप तसाच राहिला. ऑर्विलला एप्रिलात पुरलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये कॉफी तिनेच वाटली होती.

रविवारी तिची भाची शॉना आली. शॉना ग्रंथालयात लोकांना संगणक शिकवायची.

"खोटं खातं आहे, मावशी. मेलेल्या माणसांचे फोटो चोरून करतात असलं."

"पण माझ्यापर्यंत आलं कसं? मी तर मित्रांचे मित्र ठेवलंय."

शॉनाने फोन हातात घेतला, दोनदा तपासला. "ठेवलंयस खरं. म्हणजे मिकाच्या खात्याने त्याला घेतलं असणार. कुणाला तरी मिकाचा पासवर्ड सापडलाय गं. मी तक्रार करते, एक-दोन दिवसांत त्याचं पान बंद होईल."

"हात लावायचा नाही," वेरना इतक्या जोरात म्हणाली की बाहेर लाकडं रचणारा आर्वो खिडकीशी आला.

तिने ऑर्विलची विनंती काढून टाकली. दोन दिवसांनी केनोरा गावच्या एका म्हाताऱ्या नर्सची आली. मग एका मच्छीमाराची, मग जुन्या पद्धतीचा भलामोठा चष्मा लावलेल्या जोडप्याची. सगळ्यांखाली मिकाचं नाव. मिकाच्या पानावरचा आकडा सोळा झाला, तेवीस झाला. वेरना एकेकाला काढून टाकत होती, आणि खरं सांगायचं तर पुढच्याची वाट बघत होती. दीड वर्षात तिच्या मुलाचं नाव आपणहून कुणी काढलं नव्हतं, लोक तिला बघून हवापाण्याचं बोलायचे. इथे मात्र रोज कुणीतरी परकं माणूस त्याचं नाव घेऊन दाराशी उभं राहत होतं. पोरगा एकटा नाही, या विचाराने तिला रडू यायचं, आणि ते रडणं तिला हवंहवंसं वाटायचं. कुणाला आत घ्यावं असं मात्र एकदाही वाटलं नाही. तिला मिका हवा होता, त्याचा गोतावळा नव्हे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टेसची विनंती आली.

वेरनाने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. रुंद चेहरा, दातांत किंचित फट, लोकरीची टोपी कपाळावर ओढलेली. टोपी मिकाची होती, वेरनानेच विणलेली. माझी टोपी, माझा मुलगा, आणि ही कोण, असं तिला वाटलं, आणि बोट आपोआप खालच्या बटणावर गेलं. काढून टाका.

दुपारी तिने मिकाचं पान उघडलं तर आकडा दिसेना. फोटो होता आणि नाव होतं, बाकी सगळं कोरं. तिने स्वतःची यादी उघडली. 'अद्याप कुणीही मित्र नाही.'

शॉना धावत आली. "त्याने तुला काढलंय, मावशी. म्हणजे, ज्या कुणाकडे ते खातं आहे त्याने."

"मग पुन्हा पाठव विनंती."

"बटणच नाही. त्यानेही तेच ठेवलंय, मित्रांचे मित्र. त्याच्या यादीतलं एखादं माणूस आधी तुझं मित्र असायला हवं. कुणी ठाऊक आहे तुला? त्याच्या मित्रांपैकी?"

पोटच्या पोराच्या त्या नऊ जणांत आपल्याखेरीज कोण होतं, हे वेरनाला ठाऊक नव्हतं. तिला एकच नाव येत होतं, टेसचं. तिने ते शोधलं, मग ऑर्विलचं, मग नर्सचं. कुणी सापडलं नाही.

"सर्व कर," ती म्हणाली. "माझं दार सर्वांसाठी उघड."

शॉनाने उघडलं. जाताना तिने आर्वोच्या फोनवरही खातं काढून दिलं, तेही सर्वांसाठी. संध्याकाळपर्यंत वेरनाकडे गणवेशातले सेनाधिकारी आले, विधुर डॉक्टर आले, चपला विकणारे आले. वेरनाने सगळ्यांना घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे जणांना घेतलं. एकाच्याही खाली मिकाचं नाव नव्हतं.

तिसऱ्या सकाळी आर्वो समोर बसून कॉफी पीत होता. त्याचा फोन वाजला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने बराच वेळ पाहिलं.

"टेसची आहे," तो म्हणाला. बायकोला विचारण्याची पंचावन्न वर्षांची सवय असलेला तो माणूस त्या दिवशी काही न विचारता 'हो' वर बोट ठेवून मोकळा झाला.

आणि मग हसला. दीड वर्षात वेरना त्याचं असलं हसणं विसरून गेली होती. "अगं बाई, केवढे फोटो! हा बघ, बोटीत. आणि हे काय, ऑर्विलपण आहे की!"

"दे इकडे."

त्याने लगेच दिला. तिच्या हातात येताच पान पांढरं झालं. तिने वर सरकवलं, खाली सरकवलं. तिने फोन परत दिला, तसा आर्वो पुन्हा हसायला लागला, डोळे पुसू लागला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा तिने मागितला नाही.

मग आर्वो खुर्ची ओढून तिच्या अगदी शेजारी येऊन बसला आणि दोघांना नीट दिसेल असा त्याने फोन टेबलावर धरला.

"बघ ना, दोघं कशी दिसतायत," तो म्हणाला.

वेरनाने वाकून पाहिलं. तिच्यासाठी ते पान कोरंच होतं.

"हो," ती म्हणाली. "छान दिसतायत."