तुळशीरामच्या छातीतलं लोखंड

बीरगांवात बगळा उतरतो तो कावळा होऊन उडतो. हसू नका, या डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्याची चिमणी आमच्या पाऱ्यावर, म्हणजे मोहल्ल्यावर, इतकी काळी भुकटी सोडते, की वाळत घातलेली साडी झटकली तर खाली पावशेर लोखंड पडतं.

माझा शेजारी तुळशीराम त्याच कारखान्यात तीस वर्षं भट्टीवर होता. आता खाटेवरून दारापर्यंत जाताना दोनदा बसतो. त्याच्या बायकोनं, गोदावरीनं, सरकारी ऑफिसात तक्रार दिली होती: चिमणीतला धूर गाळायचं यंत्र रोज चालवा. विजेचं बिल येतं म्हणून कारखानेवाले ते फक्त तपासणीच्या दिवशी चालवायचे.

मार्चमध्ये कंपनीचं शिबिर भरलं. समाजसेवेचा पैसा एकतीस तारखेच्या आत संपवायचा होता. कंपनीच्या शंकर नगरच्या ऑफिसातून नीलिमा आली, फॉर्म भरत भरत तुळशीरामच्या घरीही. पोट्टी आपल्यातलीच, मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते.

"बाई, मले काही नको. धूर तेवढा गाळा," गोदावरी म्हणाली.

"आंटी, वो तो कंपनी का अपना काम है. सीएसआर में नहीं आता."

"मंग आपलं काम काहून नाही करत?"

नीलिमानं फॉर्म उलटून पाहिला. "इसमें सिलाई मशीन है, पौधे हैं, सेहत है. धुएँ का खाना ही नहीं है."

मी खिशातलं लोहचुंबक काढलं आणि तुळशीरामच्या छातीला लावलं. टच्चकन चिकटलं! दोघांनी ओढलं तरी निघेना. "मॅडम, कंपनीचा माल आहे. वापस घेऊन जा!"

सगळे हसले. तुळशीरामही हसला, आणि हसता हसता निळा पडला.

नीलिमा घाबरली. तिथंच चार फोन केले. तिसऱ्या दिवशी ती 'सेहत'च्या रकान्यातून ऑक्सिजनचं मशीन घेऊन आली. सोबत एक कागद होता: आम्ही समाधानी आहोत, धुराची तक्रार मागे घेत आहोत.

"सही के बिना मशीन नहीं छोड़ सकती, आंटी. मुझे भी ऊपर जवाब देना है." तिची मान खाली होती.

"भाऊजी, काय करू?" गोदावरीनं मला विचारलं.

आयुष्यभर मी कुठल्याही गोष्टीला शेपूट जोडत आलो. त्या दिवशी कागद होता तसाच वाचून दाखवला.

तिनं नवऱ्याचे ओठ पाहिले आणि सही केली. नाकात नळी गेली, तुळशीरामला रंग आला. नीलिमानं फोटो काढला.

"अब ठीक है ना, आंटी?"

"हव," गोदावरी म्हणाली, आणि उठून चिमणीकडची खिडकी लावून घेतली.