नावासाठी सोडलेली जागा

ताई आरोग्य खात्याच्या प्रसिद्धी विभागात होती. रोज चार वाजता रेडिओवर वाचलं जाणारं निवेदन ती टाइप करायची. मी तापाच्या वॉर्डात नर्स.

साथ आली तेव्हा निवेदनात साधा ‘आजार’ होता. दुसऱ्या आठवड्यात त्याचा ‘शत्रू’ झाला, वॉर्डाची ‘आघाडी’ झाली आणि आम्ही ‘योद्धे’. आईला केवढं कौतुक! मीही सुखावले, खोटं कशाला बोलू? ताई मात्र म्हणाली, "एवढं गोड बोलतायत, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय."

मग आमच्या मेट्रनबाईंनी मास्क मागितले. वरून उत्तर आलं, योद्धे रडगाणं गात नाहीत.

माझ्या कानामागचे वळ बघून ताईनं विचारलं, "मास्क किती उरलेत?"

"सत्तर जणांत चाळीस."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्या टेबलावर एक मजकूर ठेवला. ‘आघाडीवर वीरमरण आलेल्या परिचारिका’, पुढे कोरी जागा, मग ‘यांना मानवंदना’.

ताई ताडकन उठली. "साहेब, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. पण तयार असावं. ऐन वेळी धावपळ नको."

"आणि मास्कचं काय?"

"लढाईत असले प्रश्न विचारायचे नसतात, बाई."

साहेब न वाचताच सही करायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दुपारी तिनं निवेदनातला शत्रू काढला, योद्धेही काढले. एवढंच लिहिलं: ‘तापाच्या वॉर्डात सत्तर कर्मचारी आहेत आणि चाळीस मास्क आहेत.’ चार वाजता निवेदिकेनं ते जसंच्या तसं वाचलं.

दुसऱ्या दिवशी ताईची बदली तळघरातल्या जुन्या फायलींत झाली. चारच्या निवेदनात नवा शब्द आला: ‘फितूर’. शेजारीण जिन्यात दिसली की तोंड फिरवू लागली. आईसुद्धा ताईला म्हणाली, "तू नक्की कुणाच्या बाजूची गं?" ताईनं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात मास्कची आठ खोकी आली. पहिलं मीच फोडलं. झाकणावर खात्याच्या गोदामात जमा झाल्याचा शिक्का होता, तारीख महिन्यापूर्वीची.

झाकण फाडून मी घरी नेलं आणि आईपुढे ठेवलं. तिनं चष्मा लावून तारीख दोनदा वाचली. मग उठली आणि ताईच्या दारावर हलकेच टकटक केली.