मधल्या भिंतीतली तार

अर्पितानं जुना प्रोग्राम पुन्हा एकदा नव्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिला आणि नव्या कॉम्प्युटरनं तो पुन्हा एकदा झिडकारला.

“नाही चालत, बाबा. हा जुन्या विंडोजचा आहे. नव्याले तो ओळखूच येत नाही.”

मागं खाटेवर हिंमतराव मेथी निवडत बसले होते.

“मंग जुनंच राहू दे,” ते म्हणाले. लेकीनं पुण्याहून एवढं ओझं वाहून आणलं, त्याचं त्यांना वाईट वाटलं पाहिजे होतं. वाटलं मात्र हायसं.

देऊळघाटातल्या या घरात मधोमध भिंत उभी राहिली तेव्हा अर्पिता शाळेत होती. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडण झालं, शेत वाटलं, घर वाटलं आणि हिंमतराव-ज्ञानेश्वर या सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. विहीर तेवढी वाटता येईना, म्हणून पाळी ठरली. ज्ञानेश्वर धुऱ्यावरून ओरडायचा, “दादा, सोड!” हिंमतराव म्हणायचे, “सोडलं!” आणि पाणी धाकट्याच्या वांग्यांकडे वळायचं. बाकी वर्षभर दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत.

पुढे नेट आलं. कॉलेजात जाणाऱ्या अर्पितानं कुणाला न विचारता भिंतीला भोक पाडलं, तार पलीकडे नेली आणि दोन्हीकडे नेट वाटून देणारा हा एकच प्रोग्राम टाकला, कारण तो एकसारखा नसला तर काही चालायचं नाही. हिंमतरावांचा कॉम्प्युटर सुरू असेल तरच पलीकडे नेट जायचं. त्यामुळे मागावं लागे, आणि मागायची रीत दोघांना आयतीच ठाऊक होती. नंतर दोघांनीही आपापली बोअर मारली, पाण्याची हाक थांबली. नेटची तेवढी राहिली. अर्पिताला ती हाक पुण्यातही सांजेला आठवायची, आणि जीव उगाच गलबलायचा.

“त्यापेक्षा वायफायचा डबा लावते,” ती म्हणाली. “काकाचं नेट कायम चालू राहील. मागायची कटकटच नाही.”

हिंमतरावांचा हात मेथीत थांबला.

“मागाच लागणार नाही त्याले?”

“नाही.”

“मंग काऊन लावून राह्यली?”

म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मनाशी म्हणत ती काकांचा कॉम्प्युटर बघायला पलीकडे गेली.

कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचं फडकं होतं आणि फडक्यावर लसणाची टोपली. तारेचं टोक गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधलेलं. ज्ञानेश्वरकाका मोबाइलवर चिखलीच्या बाजाराचे भाव बघत होते.

“काका, हे बंद आहे?”

“जळालं ते. लय दिवस झाले.”

“मग रोज सांजेले नेट कशाले मागता?”

काकांनी मोबाइल पालथा ठेवला.

“नेट माह्या खिशात हाय, पोरी. पण नेट नाही मागितलं, तं दादाले हाक कोणत्या तोंडानं मारू? त्याले बोलू नको हे.”

ती परतली आणि वडिलांना खोटंच सांगितलं.

“काकाच्या मशीनवर नवं काही बसत नाही. जुनंच राहू द्या.”

हिंमतरावांनी मान डोलावली. दिवेलागणीला त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि घरघरणारा जुना कॉम्प्युटर सुरू केला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हाक आली.

“दादा, सोड!”

“सोडलं रे!”

अर्पिता वडिलांच्या मागं उभी होती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात शेजारच्या तारेचं छोटं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. तार पलीकडे कशालाच जोडलेली नाही, असं शेजारी स्वच्छ लिहिलेलं. तिनं चटकन वडिलांकडे पाहिलं.

“दिसते मले,” हिंमतराव हळू आवाजात म्हणाले. “रोजच दिसते.”

तिनं नव्या कॉम्प्युटरची तार गुंडाळायला घेतली.

“तू एक काम कर,” ते म्हणाले. “हे जुनं मशीन बिघडलं तं दुरुस्त कोण करन, तेवढं पाहून ठेव.”